कापलेले अकरा सेकंद

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका. ज्याच्या बाबतीत घडली तो निरंजन म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, स्वरूपाचा नवरा. दोघं पिंपरीजवळ रहाटणीत राहतात. मी तिचा थोरला भाऊ, रविराज. पुढे जे लिहिलंय ते काही निरंजनच्या तोंडून ऐकलेलं, काही स्वरूपाकडून, आणि शेवटचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

तारीख एकवीस फेब्रुवारी दोन हजार चोवीस. वार बुधवार.

निरंजनचा स्टुडिओ म्हणजे शालनबाईंच्या पिठाच्या गिरणीवरची एक खोली. भिंतींना काळा फोम, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, एक माइक आणि दारावर 'स्वरूपा साउंड' अशी पाटी. लिफ्टमधल्या घोषणा, शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन, निवडणुकीत रिक्षावर लावायचा प्रचार, असली कामं तो करतो. गिरणी चालू असली की याचं रेकॉर्डिंग बंद. गिरणी थांबली की हा सुरू. आमचा जावई म्हणून सांगत नाही, पण पोरगा हाताचा पक्का आहे. आवाजात जोड असा बसवतो की कुणाच्या बापाला कळणार नाही. त्याला त्याचा गर्व होता, आणि तो गर्वच पुढे नडला.

त्या दुपारी उद्धवराव जिना चढून आले.

उद्धवराव चाकणकडच्या एका कंपनीत प्रेस लाइनवर सुपरवायझर. जुन्या गावातलं घराणं, बोटात दोन अंगठ्या, पांढरा शर्ट. निरंजनने त्यांच्या कंपनीसाठी भोंग्यावरच्या सूचना एकदा करून दिल्या होत्या, तेवढीच ओळख. आल्या आल्या त्यांनी दार लोटलं आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

आदल्या दिवशी कंपनीत अपघात झाला होता. दुसरी शिफ्ट साडेतीनला लागली आणि दहाच मिनिटांत ज्योतीराम नावाच्या ऑपरेटरचे दोन्ही हात प्रेसमध्ये सापडले. ॲम्ब्युलन्स निघाली, ती चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकली. ज्योतीराम शुद्धीवर होता. उद्धवराव शेजारी बसले होते. त्यांनी मोबाइलवर त्याचा जबाब रेकॉर्ड केला.

रेकॉर्डिंग एक मिनिट चाळीस सेकंदांचं होतं. ते संपलं तेव्हा ज्योतीरामही संपला होता.

निरंजनने ते कॉम्प्युटरवर घेतलं. पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ उमटली. या रेघेला त्यांच्या धंद्यात वेव्हफॉर्म म्हणतात. बोलणं असेल तिथे ती फुगते, शांतता असेल तिथे सपाट होते. हॉर्नचे उंच सुळके, त्यांच्यामध्ये एका माणसाचा थकलेला आवाज.

"सेन्सर बंद हुता..."

मग श्वास. घरघरता, ओढून घेतलेला.

"उद्धवरावनं सकाळीच बायपास मारला. म्या दोनदा म्हणलं, साहेब, चालू करा. ऐकलं न्हाई. तरी..."

पुन्हा श्वास.

"म्या हात घातला. माझी चूक झाली."

ज्यांना कारखाना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रेस म्हणजे पत्रा दाबून घडवणारं मशीन, त्याच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण त्याने माल कमी निघतो, म्हणून काही ठिकाणी वायर मारून तो सेन्सर झोपवून ठेवतात. त्याला बायपास म्हणतात. त्या दिवशी तो उद्धवरावांनी मारला होता.

उद्धवराव खुर्ची ओढून निरंजनला चिकटून बसले. बोट पडद्यावर टेकवलं.

"हितनं हितपतूर काढायचं. बाकी हाय तसं ऱ्हाऊ द्या."

निरंजनने मोजलं. अकरा सेकंद.

त्याला कळत नव्हतं असं नाही. मधलं काढलं तर उरत होतं एवढंच, की सेन्सर बंद होता, मी हात घातला, माझी चूक झाली. मेलेला माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःला दोषी ठरवत होता. उद्धवरावांनी मग गोडीत घेतलं. कंपनीच्या सगळ्या प्लांटच्या सूचना वर्षभर तुमच्याकडेच, असं म्हणाले. घरी चौथा महिना चाललाय ना, असंही म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलं होतं ते निरंजनला आजही माहीत नाही.

त्याने कट मारला.

आता एक अडचण होती. रेकॉर्डिंग किती लांबीचं आहे हे उद्धवरावांनी कालच ऑफिसला कळवून टाकलं होतं. लांबी कमी होऊन चालणार नव्हतं. अकरा सेकंदांचं भोक कशाने तरी बुजवायला हवं होतं. अशा वेळी एडिटर त्याच रेकॉर्डिंगमधली रिकामी जागा उचलतो, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा नुसता खोलीचा आवाज. त्याला रूम टोन म्हणतात. तो भरला की ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस बोलता बोलता थांबला असेल.

पण या रेकॉर्डिंगमध्ये रिकामी जागाच नव्हती. सगळीकडे हॉर्न.

फक्त अगदी शेवटी...

ज्योतीरामचं बोलणं संपल्यावर हॉर्न थांबले होते. सगळे. एक हलकी, सलग घरघर तेवढी होती, इंजिनची असावी तशी. निरंजनने मोजलं.

बरोबर अकरा सेकंद.

त्याला आनंद झाला. हे त्याने स्वतः मला सांगितलं आणि सांगताना मान वर केली नाही. चाकणच्या चौकात, भर रहदारीत, अकरा सेकंद एकही हॉर्न नाही, हे कसं काय, असा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. त्याने तो तुकडा उचलला, भोकात बसवला, दोन्ही टोकं एकमेकांत विरघळवली. जोड दिसेना. ऐकूही येईना. तुकडा इतका स्वच्छ होता की पुढच्या कामांना उपयोगी पडेल म्हणून त्याने तो 'शांत अकरा' या नावाने वेगळा साठवून ठेवला.

फाइल एक्सपोर्ट झाली तेव्हा घड्याळात तीन चाळीस झाले होते.

उद्धवराव म्हणाले, मूळचं पुसून टाका. निरंजनने त्यांच्यादेखत पुसलं.

म्हणजे, पुसल्यासारखं केलं.

तीन आठवड्यांनी एक बाई जिना चढून आली. सोबत किसन नावाचा माणूस होता, त्याच प्रेस लाइनवर काम करणारा. बाईने चप्पल दाराबाहेर काढली आणि आत आल्यावर उभीच राहिली. ती सुमनताई, ज्योतीरामची बायको. मूळ गाव हिंगोलीकडचं, चाकणजवळ खोली घेऊन राहत होते, ती कामगारांचे डबे करायची.

कंपनीने चौकशी उरकली होती. रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर वाजवलं आणि कागदावर लिहिलं, कामगाराच्या स्वतःच्या चुकीमुळे. गावाकडेही तेच पोचलं होतं. ती फाइल किसनच्या मोबाइलवर आली, तेव्हा त्याने फाइलची माहिती उघडून पाहिली. त्यात नाव होतं, स्वरूपा साउंड, रहाटणी. आपल्या प्रत्येक फाइलवर हा शिक्का आपोआप बसतो, हे निरंजन घाईत विसरला होता.

सुमनताई रडली नाही. शांतपणे बोलली.

"भाऊ, एकोणीस वरीस त्या श्वासाशेजारी निजले मी. पावडर कोटिंगला, रंगाच्या भुकटीत होता आधी, छातीत घरघर असायची. दोन वाक्यं बोलला की श्वास घ्यावाच लागायचा त्याला. ह्याच्यात मधी येवढा वेळ गप बसलाय, अन् श्वासच न्हाई. आणि त्या चौकातले हॉर्न कसे काय बंद झाले?"

जी गोष्ट कंपनीच्या दहा साहेबांच्या कानाला कळली नाही, ती डबे करणाऱ्या बाईने एकदा ऐकून पकडली होती.

निरंजनने कानांवर हात ठेवले. म्हणाला, माझ्याकडे आलं तेव्हा असंच होतं, मी फक्त आवाज मोठा करून दिला. तिने विचारलं, मूळचं आहे का. तो म्हणाला, नाही ताई, पुसलं गेलं.

ती काही क्षण त्या कॉम्प्युटरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्याचं शेवटचं बोलणं हाय ते. तो त्ये घेतल्याबिगर जायचा न्हाई."

एवढं बोलून ती जिना उतरली. चप्पल घालायला विसरली, ती किसनने नेली.

खाली गिरणी चालू होती.

मग... थांबली.

निरंजनने घड्याळ बघितलं. तीन चाळीस. त्याने जिन्यावरून खाली डोकावलं तर गिरणीचा पट्टा फिरत होता. शालनबाई पीठ चाळत होत्या. पट्टा फिरतोय, आणि आवाज नाही.

अकरा सेकंदांनी आवाज परत आला.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या.

वाकडच्या एका सोसायटीने आगीच्या वेळी द्यायची सूचना त्याच्याकडून करून घेतली होती. सूचनेतला आवाज मध्येच गेला, असा त्यांचा फोन आला. मग एका शाळेचा. मग एका मंगल कार्यालयाचा. सगळीकडे तेच. माणूस बोलतोय, बोलतोय... आणि एकदम काही नाही. थोड्या वेळाने बोलणं पुढून सुरू.

निरंजनने फाइली उघडल्या. प्रत्येकीत एक तुकडा सपाट झाला होता.

त्याने सोसायटीचं काम नव्याने उघडलं. सगळे आवाज एकाखाली एक, वेगवेगळ्या पट्ट्यांवर लावलेले असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. या कामात तीन ट्रॅक होते. बाईचा आवाज, सायरन, संगीत.

पडद्यावर चार दिसत होते.

चौथ्यावर 'शांत अकरा' बसलं होतं. त्याने ते तिथे ठेवलं नव्हतं.

त्याने तो ट्रॅक म्यूट केला, म्हणजे गप्प केला. वाजवून पाहिलं. बाईचा आवाज तरीही गेला. मग त्याने उलटं केलं, बाकी सगळं गप्प करून फक्त चौथा चालू ठेवला. हेडफोन लावले. तीच हलकी घरघर. त्याने गेन वाढवला, म्हणजे आवाजाची ताकद. अजून वाढवला. अजून...

इंजिन नव्हतं ते.

तो श्वास होता. बाहेर सोडलेला एकच लांब श्वास. अकरा सेकंद बाहेर, बाहेर, बाहेर. आत घेतलेला कुठेच नव्हता.

निरंजनने हेडफोन काढून फेकले. घरघर थांबली नाही. ती स्पीकरमधून येत नव्हती, खोलीतून येत होती. खुर्चीच्या मागून. जिथे उद्धवराव चिकटून बसले होते, बरोबर तिथून.

त्याने 'शांत अकरा' पुसलं आणि खोलीला कुलूप लावून घरी आला. स्वरूपाला म्हणाला, कॉम्प्युटर बिघडलाय.

स्वरूपाला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये उद्धवरावांचा फोन आला. वेळ सांगायला नको. त्यांचा आवाज घाबरलेला होता. ते म्हणाले, निरंजन भाऊ, माझ्या बोलण्याला कायतरी झालंय. मीटिंगमध्ये बोलतोय तर समोरच्याला ऐकूच जात न्हाई. तुमी त्या फायलीत काय...

पुढे काही नाही.

कॉल चालूच होता. निरंजनने मनात मोजलं. अकरा झाल्यावर उद्धवराव परत ऐकू आले. त्यांना माहीतच नव्हतं की मधलं काही गेलं. ते म्हणत होते, कळलं ना मी काय बोललो ते?

चार दिवसांनी किसनचा फोन आला. तोही घाबरलेला होता.

त्याच प्रेसवर नवा माणूस लावला होता. सेन्सरचा बायपास तसाच होता. माल अडकला म्हणून उद्धवराव स्वतः वाकून काढायला गेले, आणि नव्या माणसाला वाटलं, झालं त्यांचं. त्याने बटणावर हात नेला. उद्धवरावांनी ते पाहिलं.

"साहेब वरडत हुते भाऊ," किसन म्हणाला. "तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आमी धा जण हुतो तितं. येकालाबी आवाज आला न्हाई. त्यांचाच न्हवं, आख्ख्या शेडचा आवाज गेला हुता. पंधरा प्रेस चालू, अन् आवाज न्हाई."

आवाज परत आला तो प्रेस खाली आल्यावर.

ॲम्ब्युलन्स चाकणच्या चौकात अडकली. उद्धवराव तिथेच गेले. ड्रायव्हर नंतर सगळ्यांना सांगत सुटला होता, की इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण त्या चौकात थोडा वेळ एकही हॉर्न वाजला नाही.

निरंजनने फोन ठेवला. आता उरला होता तो एकटाच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्याने सुमनताईला सांगितली नव्हती. आजकालच्या एडिटिंगमध्ये कापलेलं खरं तर कापलं जात नाही. कट मारला की तो भाग फक्त झाकला जातो. मूळ आवाज कॉम्प्युटरच्या पोटात तसाच पडून असतो. कापलेल्या तुकड्याची कड धरून ओढली की तो पुन्हा बाहेर येतो. उद्धवरावांसमोर निरंजनने मोबाइलमधून घेतलेली फाइल पुसली, पण कामाच्या फोल्डरमध्ये तिची प्रत राहतेच. शिकाऊ पोरालाही हे माहीत असतं. ती बाई समोर उभी होती तेव्हा ज्योतीरामचे शब्द तिच्यापासून चार हातांवर होते.

तो स्टुडिओत गेला. जुनं काम उघडलं. कड धरली. ओढली.

रेघ फुगत गेली. आवाज परत आला. सेन्सर, बायपास, दोनदा सांगितलं, ऐकलं नाही. सगळं जसंच्या तसं. निरंजन ऐकता ऐकता रडायला लागला. 'माझी चूक झाली' आलं. मग शेवटची ती शांतता आली. अकरा सेकंद.

ती संपली. रेकॉर्डिंगही तिथेच संपायला हवं होतं.

पडद्यावरची रेघ पुढे सरकत राहिली.

मग श्वास आत घेतल्याचा आवाज आला. ओढून, घरघरत. आणि तोच थकलेला आवाज, अगदी कानाशी...

"माझं सांगून झालं. आता तुमचं सांगा."

निरंजनने त्याच दिवशी किसनला आणि सुमनताईला बोलावून घेतलं. पेन ड्राइव्हमध्ये पूर्ण रेकॉर्डिंग दिलं. ते शेवटचं वाक्य त्यात उतरलंच नव्हतं. सुमनताईने ते तिथेच, उभ्याउभ्या ऐकलं. श्वासाच्या जागी तिने डोळे मिटले. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, कापलं कुणी होतं?

निरंजनच्या तोंडात उत्तर होतं. मी. एवढंच म्हणायचं होतं.

तो म्हणाला, उद्धवरावांनीच कापलं असणार, मोबाइलवर. त्यांनी आधी दिलेलं हे मूळ रेकॉर्डिंग मला काल जुन्या फोल्डरमध्ये सापडलं.

मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं, कारण तो उलट बोलत नाही. निरंजनने फेब्रुवारीत हेच केलं होतं आणि एप्रिलमध्ये पुन्हा तेच केलं.

सुमनताईने त्याच्यापुढे हात जोडले. तिने वकील गाठला, पुन्हा चौकशी लागली, ज्योतीरामवरचा ठपका पुसला गेला. त्या प्रेसचे सेन्सर चालू झाले. तिने निरंजनच्या घरी डबा पाठवला, गरम धपाटे आणि दही. चिठ्ठीत लिहिलं होतं, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून. स्वरूपाने कौतुकाने तो डबा मला दाखवला होता. निरंजनने धपाटे खाल्ले.

त्यानंतर सगळं शांत झालं. तक्रारी थांबल्या. गिरणी नीट वाजू लागली. निरंजनला वाटलं, सुटलो.

जुलैच्या शेवटी मुलगी झाली. नाव प्राजक्ता ठेवलं.

सहाव्या दिवशी दुपारी ती भुकेने रडत होती. स्वरूपा दुधाची तयारी करत होती. निरंजन पाळण्याशी होता.

रडणं थांबलं.

त्याने वाकून बघितलं. प्राजक्ता रडतच होती. तोंड उघडं, चेहरा लाल, मुठी आवळलेल्या, जीभ थरथरतेय... आणि आवाज नाही.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तो मोजत राहिला.

अकराला आवाज परत आला.

हे रोज व्हायला लागलं. पिंपरीतल्या दोन डॉक्टरांनी तपासलं. घसा उत्तम, फुप्फुसं उत्तम, कान उत्तम. एक डॉक्टर म्हणाले, आई-बाबा दमलेत, झोप घ्या. स्वरूपाने एकदा मोबाइलवर शूटिंग केलं. त्यात पोर अखंड रडताना ऐकू येत होती, एक जागा सोडून. त्या जागी रडणं नव्हतं. एक हलकी घरघर होती.

निरंजनने ती ऐकली आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. त्या संध्याकाळी स्वरूपाने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. उद्धवराव, कट, रूम टोन, सुमनताई, आणि ते शेवटचं खोटं. माझी बहीण शांत स्वभावाची आहे. ती भांडली नाही. तिने पोरीला उराशी धरलं आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही त्याला बोलू दिलं नाहीत. आता तो हिला बोलू देणार नाही. उद्या जाऊन त्या बाईला सांगून या."

निरंजन निघाला. चाकणपर्यंत गेला. सुमनताईच्या गल्लीच्या तोंडाशी बाइक उभी केली. पुरावा बदलला म्हणून पोलीस केस होईल, धंदा जाईल, आत जावं लागेल, हे सगळं डोक्यात फिरलं आणि तो परत आला. स्वरूपाला म्हणाला, घरी नव्हती.

त्या दिवशी त्याने मोजलं तेव्हा बारा आले.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा गेला. पुन्हा परत आला.

तेरा.

मला हे डिसेंबरात कळलं. स्वरूपानेच फोन करून बोलावलं आणि सगळं सांगितलं. म्हणाली, दादा, तू गोष्टी लिहितोस ना त्या फेसबुक पेजवर, हे लिही, आणि काही कापू नकोस. निरंजनला मी विचारलं. तो आधी नको म्हणाला. मग म्हणाला, लिहा, पण माझं नाव बदला, आणि सुमनताईला मी जे खोटं सांगितलं तेवढा भाग गाळा.

मी नावही तेच ठेवलंय आणि तो भागही. ती बाई हे वाचेल का, माहीत नाही. किसनकडे मोबाइल आहे, तो वाचेल कदाचित.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. खरं सांगायचं तर माझा पूर्ण विश्वास नव्हता. जेवणं झाली. प्राजक्ता आता चार महिन्यांची झालीय, अं-अं करत बोलायचा प्रयत्न करते. मी तिला मांडीवर घेतलं. ती माझ्या शर्टाचं बटण धरून काहीतरी सांगत होती. खाली रस्त्यावर रविवारची गर्दी होती, रिक्षा, बाइक, पाण्याचे टँकर.

मग तिचं अं-अं थांबलं.

ओठ हलत होते. माझ्याकडेच बघत होती, मन लावून काहीतरी सांगत होती.

स्वरूपा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी मनात मोजायला लागलो. अकरा झाले. बारा झाले. तेरा... चौदा... निरंजन समोरच्या खुर्चीत बसला होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तो पोरीकडे न बघता दाराजवळ टांगलेल्या बाइकच्या किल्लीकडे बघत होता.

मी पंधरा मोजले. सोळा मोजले.

खाली रस्त्यावर एकही हॉर्न वाजत नव्हता.